माळ्यावरचा चांदोबा, ट्रंकेतला वेताळ: सोलापूरच्या उन्हात जुनी कॉमिक्स कशी टिकवायची

सोलापुरात जुन्या कॉमिक्सचा घात पाऊस करत नाही, मे महिना करतो. वर्षाकाठी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. म्हणजे बुरशीची भीती दोन-अडीच महिन्यांची. बाकीचं वर्षभर कागद भाजत असतो. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या माळ्यावर हात ठेवून बघा. बाहेर ४२-४३ अंश असले तर तिथे त्याहून बरंच जास्त असतं आणि हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर आलेली असते. पहाटे पुन्हा थोडा गारवा. कागद रोज आकसतो, रोज सैलावतो, आणि एक दिवस पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणून मुंबईकरांचा ‘सिलिका जेलच्या पुड्या टाका’ हा सल्ला इथे आंधळेपणाने पाळू नका. वाळून कडक झालेल्या कागदाला आणखी वाळवून काय मिळणार?

कागद मुळातच हलका होता हेही लक्षात घ्या. स्वस्त अंक छापायचे ते न्यूजप्रिंटवर. तो लाकडाचा भुगा करून बनवतात, त्यात लिग्निन (लाकडाचे धागे एकत्र धरून ठेवणारा घटक) तसंच राहतं. उजेड, उष्णता आणि हवा यांनी लिग्निन पिवळं पडतं, कागदात आम्ल वाढतं आणि आम्लाने धागे तुटतात. पिवळेपणा परत पांढरा होत नाही. घरी ब्लीच वापरून तसा प्रयत्न करणाऱ्यांच्या हाती पांढरा भुगा लागतो. आपल्याला फक्त वेग कमी करता येतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की खराब होण्याचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो, हा एक हिशेब पाठ असला तरी निम्मे निर्णय आपोआप बरोबर होतात.

रद्दीतून घेताना

दिवाळीआधीचा पंधरवडा आणि शाळा उघडतात तो जून, हे दोन हंगाम. रद्दीच्या दुकानात माल दोन-चार दिवसांत गठ्ठ्यात बांधला जातो, म्हणून ‘अधूनमधून चक्कर मारू’ हे चालत नाही. दुकानदाराला अंक दाखवून ठेवा, असलं काही आलं तर फोन करायला सांगा, आणि किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या. पुढच्या वेळी तो स्वतःहून बाजूला काढून ठेवतो.

सोलापूरचा एक फायदा दुसऱ्या गावांना नाही. इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी अंक एकाच ढिगात सापडतात. मद्रासहून १९४७ पासून तेलुगू आणि तमिळमध्ये निघणारं ‘चंदामामा’ मराठीत ‘चांदोबा’ म्हणून आलं ते १९५२ साली. चित्रं तीच, मजकुराची भाषा वेगळी. त्यामुळे शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एखाद्या घरातून तेलुगू अंक निघाले तर ‘आपल्याला वाचता येत नाही’ म्हणून सोडू नका. आपल्या मराठी अंकातलं गहाळ पान कसं होतं, मुखपृष्ठावर कोणतं चित्र होतं, हे त्यावरून कळतं. ‘चांदोबा’चे चित्रकार शंकर यांनी काढलेला विक्रम-वेताळ कोणत्याही लिपीत ओळखू येतो.

पैसे देण्याआधी पानं मोजा. पिनांनी शिवलेल्या अंकाची पानं नेहमी चारच्या पटीत असतात. मुखपृष्ठाच्या चार बाजू वेगळ्या धरा. ३२ पानी अंकात आठ जोडपानं असतात. आधी मधलं उघडा, १६-१७ समोरासमोर आहेत का बघा. सगळ्यात आधी सुटून हरवतं ते हेच. ३-४ हे पान फाडलेलं असेल तर त्याचं जोडीदार २९-३० सैल पडलेलं असणार, म्हणजे ओढून पाहिलं तरी उलगडा होतो. कोडी, ‘रंग भरा’ आणि कुपनं असलेली पानं खास तपासा. कात्रीने कापलेला चौकोन चाळताना दिसत नाही, घरी आल्यावर दिसतो.

साल कसं ओळखायचं

मुखपृष्ठ गेलेलं असेल तर आतल्या छापील ओळींवरून अंदाज बांधता येतो. किंमत आण्यांत असेल तर अंक १९५७ च्या आधीचा धरा. ‘नवे पैसे’ किंवा ‘न. पै.’ असेल तर १ एप्रिल १९५७ ते १ जून १९६४ या काळातला. त्यानंतर ‘नवे’ हा शब्द गळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्याच दिवशी सुरू झाला. ‘मद्रास-२६’ आणि ‘मद्रास ६०० ०२६’ यांतला फरक म्हणूनच मोलाचा. मात्र छापखाने जुना मजकूर काही काळ तसाच चालवायचे, म्हणून पिनकोड नसला की अंक जुनाच, असं उलटं गणित मांडू नका.

अमर चित्र कथेचं दुखणं वेगळं: पुनर्मुद्रणं अमाप. १९६७ हे मालिकेच्या सुरुवातीचं साल, तुमच्या हातातल्या प्रतीचं नव्हे. मागच्या किंवा आतल्या बाजूला उपलब्ध पुस्तकांची यादी असते. त्यातला सर्वांत मोठा क्रमांक शोधा. त्या पुस्तकाआधी तुमची प्रत छापलेली असूच शकत नाही. विक्रेता ‘पहिली आवृत्ती’ म्हणत असेल तर ही यादी त्याच्यासमोर उघडा. इंग्रजी मालिकेचे १ ते १० क्रमांकही शोधत बसू नका. ती ११ व्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’पासून सुरू होते.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये वेताळापासून (म्हणजे फँटमपासून, विक्रमाच्या वेताळापासून नव्हे) सुरू झालं आणि १९९० मध्ये थांबलं. इंग्रजी मालिकेत क्रमांक सलग ४४३ पर्यंत जातात, मग १९८३ पासून वर्ष २०, अंक १ अशी मोजणी लागते. एखाद्या यादीत ४४३ नंतरचा सलग क्रमांक दिसला तर तो कुणा संग्राहकाने स्वतः लावलेला समजा.

झेरॉक्स किंवा नवी डिजिटल छपाई जुनी म्हणून खपवली जातेय का, हे दहापट भिंगाने कळतं. जुन्या छपाईत रंगीत ठिपके ठरावीक जाळीत, ओळीने बसलेले दिसतात. घरच्या प्रिंटरचे ठिपके फवारल्यासारखे विखुरलेले असतात.

घरी आल्यावर लगेच कपाटात नाही

रद्दीतला अंक म्हणजे कसर, झुरळाची अंडी आणि कधी वाळवीही. नवा आलेला गठ्ठा निदान तीन आठवडे बंद प्लॅस्टिकच्या डब्यात वेगळा ठेवा. तळाशी पांढरा कागद अंथरा. आठवड्याने त्यावर बारीक भुसा किंवा मिरीपुडीसारखे कण दिसले तर आत जिवंत काहीतरी आहे.

मग थंडीचा उपाय. अंक दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रिजच्या वरच्या लहान कप्प्यात इतकं तापमान टिकेलच असं नाही, म्हणून आइसक्रीमसाठी असतो तसला पेटीचा फ्रीझर बरा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. इथेच लोक घाई करतात: थंडगार कागदावर हवेतलं पाणी जमतं आणि कसर मारण्याच्या नादात अंक ओला होतो. बाहेर जमलेलं पाणी पूर्ण वाळलं की मगच उघडा.

डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांची वाफ माणसाला वाईट, वास वर्षानुवर्षं जात नाही आणि काही प्लॅस्टिक त्याने चिकट होतं. कडुनिंबाचा ओला पाला पानांत घालायची जुनी सवय तर सोडाच. पाल्याचा तपकिरी ठसा कायमचा उमटतो. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, कागदाला लागू देऊ नका आणि तिच्यावर भिस्तही ठेवू नका.

धूळ काढायला बोटभर रुंदीचा मऊ चपटा ब्रश घ्या. कण्याकडून बाहेरच्या कडेकडे, एकाच दिशेने. ओलं फडकं कधीच नाही. डाग रबराने घासायचा मोह झाला तर फक्त पांढऱ्या समासात, तेही पांढरं रबर किसून त्याचा चुरा बोटाने हलके फिरवा. रंगीत चौकटीवर रबर फिरवलं की वेताळाचा जांभळा पोशाख फिका पडलाच म्हणून समजा. कुबट वास असेल तर मोठ्या झाकणाच्या डब्यात वाटीभर खाण्याचा सोडा ठेवून त्याच डब्यात अंक उभे, थोडे उघडे ठेवा. पंधरा-वीस दिवसांत वास उतरतो. सोडा पानांवर पसरायचा नाही.

गंजलेल्या पिना

पिनेभोवती नुसता तांबूस डाग असेल आणि पिन घट्ट असेल तर हात लावू नका. पिन पापुद्र्यासारखी सुटत असेल, तिच्याजवळ कागद कुरतडल्यासारखा झाला असेल, तेव्हाच काढा. अंक मध्यावर उघडा. पिनेचे वाकवलेले दोन पाय तिथे दिसतील. पातळ बोथट सुरी पायाखाली सरकवा, आणि सुरी व कागद यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा म्हणजे कागदाला धार लागणार नाही. दोन्ही पाय सरळ उभे झाले की अंक मिटून बाहेरच्या बाजूने पिन हळूच उपसा. स्टेपलर रिमूव्हर वापरला तर कण्याचा तुकडा सोबत निघतो.

पुन्हा स्टेपल मारू नका. जुन्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवा: आतून बाहेर, दुसऱ्या भोकातून पुन्हा आत, गाठ आतल्या बाजूला. दोरा ताणू नका, ताणलेला दोरा जीर्ण कण्याला करवतीसारखा कापतो.

फाटलेलं पान आणि कुरडयांचा चीक

या कामात सोलापूरच्या स्वयंपाकघराची मोठी मदत होते. पुस्तकं दुरुस्त करणारे जगभर गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडयांसाठी घरोघरी काढतात तो चीक म्हणजेच गव्हाचा स्टार्च. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून चीक तळाशी बसला की मीठ-हिंग पडण्याआधीच वाटीभर मागून घ्या. घरात कुणी कुरडया करत नसेल तर शेजारी विचारा, मे महिन्यात नाही म्हणणार नाहीत.

हा चीक आंबलेला असतो, तसाच वापरला तर आम्ल कागदात जातं. स्वच्छ पाण्यात ढवळा, तीन-चार तास निवळू द्या, वरचं पाणी ओता. आंबट वास पूर्ण जाईपर्यंत असं तीन-चार वेळा. मग स्टीलच्या ताटात सावलीत सुकवून बाटलीत भरा. लागेल तेव्हा दोन चमचे चीक दहा चमचे पाण्यात तासभर भिजवा आणि मंद आचेवर सतत ढवळत पंधरा-वीस मिनिटं शिजवा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की झालं. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा दाबून गाळा. घट्ट दह्याइतकी राहू द्या. ताकासारखी पातळ केली तर न्यूजप्रिंट पाणी ओढून घेतं आणि वाळल्यावर तपकिरी रेघ उरते. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबट वास आला की फेकायची.

बाइंडर मंडळी खळीत मोरचूद घालायची, किडे लागू नयेत म्हणून. आपण घालायचं नाही. मोरचुदातलं तांबं कागद कुजवण्याचा वेग वाढवतं. जुन्या बांधणीच्या कडेला कागद तपकिरी होऊन तुटलेला दिसतो, त्यामागे पुष्कळदा हेही एक कारण असतं. फेविकॉलसारखा पांढरा गोंदही नको. तो वाळून कडक होतो आणि पुढच्या वेळी पान त्याच्या शेजारी फाटतं.

जोडायला लागतो तो जपानी टिश्यू, चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅम वजनाचा; ऑनलाइन मिळतो आणि एक ताव वर्षभर पुरतो. पतंगाचा कागद पर्याय म्हणून वापरू नका, त्याचा रंग पाण्याने सुटतो. टिश्यूची पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढायची आणि तिथून ओढून फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसत नाही. रुंदी ५-६ मिलिमीटर पुरे.

सुरुवात करण्याआधी त्या पानावरच्या शाईची परीक्षा घ्या: कापसाच्या काडीचं टोक ओलं करून कोपऱ्यातल्या रंगावर क्षणभर टेकवा. लायब्ररीचा रबरी शिक्का आणि पेनाने लिहिलेलं नाव पाण्याने पसरण्याची भीती सर्वांत जास्त. काडीला रंग लागला तर ते पान सोडून द्या.

फाटलेल्या कडा जशा सुटल्या तशाच एकमेकींवर बसवा. फाटताना कागदाचा एक थर वर आणि एक खाली राहिलेला असतो, तो उलटा बसला तर चित्राची रेघ जुळत नाही. पट्टीला पातळ थर लावा, चिमट्याने उचलून पानाच्या मागच्या बाजूला ठेवा, वर पांढऱ्या ऑर्गंझाचा (पातळ, पारदर्शक कापडाचा) तुकडा, त्यावर टिपकागद, त्यावर काचेचा तुकडा आणि किलोभर वजन. दहा मिनिटांनी टिपकागद बदला, मग दोन तास विसरा. उन्हाळ्यात पंख्याखाली हे काम केलंत तर पट्टी बसण्याआधी खळ वाळेल आणि पान सुरकुतेल. पंखा बंद करा, सकाळी लवकर बसा.

सेलोटेपचं काय? पिवळा पडून आपोआप गळलेला असेल तर नुसता डाग राहतो, तो राहू द्या. अजून चिकट असेल तर हेअर ड्रायर मंद करून वीतभर अंतरावरून २०-३० सेकंद ऊब द्या आणि टेप स्वतःवरच दुमडत, कागदाला जवळजवळ समांतर ओढा. सरळ वर उचललात तर छपाईचा थर सोबत येतो. मागे राहिलेला चिकटपणा क्रेप रबराने गोळा करता येतो. पेट्रोल, थिनर काही नको. त्याने शाई विरघळते. आणि पहिल्याच इंचाला रंग निघताना दिसला तर थांबा, उरलेल्या टेपवर स्टिकरमागचा मेणचट कागद कापून ठेवा, म्हणजे समोरचं पान चिकटणार नाही.

पिशवी, पाठीचा पुठ्ठा, बासन

शहरात कापड पॅकिंगच्या पिशव्या ठोकात मिळतात, हे इथल्या संग्राहकाचं सुख. फक्त योग्य ती उचला. टॉवेल किंवा शर्टाची, हातात धरली की चुरचुरणारी काचेसारखी स्वच्छ पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते, ती चालते. चेन असलेली, मऊ, जाड, नव्या रेनकोटसारखा वास येणारी चादरीची पिशवी घेऊ नका. ती बहुधा पीव्हीसीची असते. उन्हाळ्यात तिच्यातला तेलकट अंश सुटतो आणि मुखपृष्ठाची शाई पिशवीला चिकटून येते. शाळेच्या वह्यांना घालतात ती मऊ प्लॅस्टिक कव्हरंही याच जातीची. मापासाठी तुमचा सर्वांत मोठा अंक मोजा आणि दोन्ही बाजूंनी एक सेंटिमीटर वाढवा. तोंड टेपने चिकटवू नका, नुसतं दुमडा. अंक काढताना टेपची कड मुखपृष्ठाला लागते.

पाठीला आधार हवा. करडा पुठ्ठा आम्लयुक्त असतो, वर्षादोनवर्षांत त्याची पिवळट छाया मागच्या पानावर येते. आम्लरहित पुठ्ठा मागवता आला तर उत्तम. नाहीतर फलक करणाऱ्यांकडून दोन मिलिमीटर जाडीचं पांढरं सनपॅक शीट कापून घ्या, ते पोकळ नळ्यांचं पॉलिप्रॉपिलीन असतं. नावातल्या साम्यामुळे दुकानदार सनबोर्ड देईल. ते फेसाळ पीव्हीसी, ते नको. कड बघितली की फरक दिसतो: सनपॅकला कडेला भोकं, सनबोर्ड भरीव.

दहा-पंधरा अंकांचा गठ्ठा मांजरपाटात बांधा. ‘बासनात गुंडाळणं’ याचा अर्थ आपण विसरून जाणं असा करून ठेवलाय, पण पोथ्या टिकल्या त्या बासनामुळेच: सुती कापड बाहेरच्या हवेतले चढउतार स्वतः सोसतं. मागातून आलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते आणि कसरीला ती आवडते. म्हणून कापड गरम पाण्यात दोनदा धुवायचं. नीळ नको, स्टार्च नको. बांधायला सुती नाडी. रबरबँड तर नकोच, इथल्या उन्हाळ्यात तो वितळून पानात रुततो.

अंक आडवे ठेवा, एकावर एक पंचवीस-तीसपेक्षा जास्त नाही. उभे ठेवले आणि बाजूला जागा राहिली तर पातळ अंक कंबरेत वाकतात.

जागा निवडताना घरातली सर्वांत वरची नव्हे, सर्वांत मधली खोली बघा: तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली. जुनं माळवदी घर असेल तर त्याच्या जाड मातीच्या भिंतींआडची खोली उत्तम, फक्त वाळवी तपासा आणि छतातून माती गळते तिथे पेटी ठेवू नका. लोखंडी ट्रंक किंवा कपाट चालेल, जमिनीपासून चार बोटं वर आणि भिंतीपासून दोन बोटं दूर. नवं प्लायवुड वर्षभर तरी टाळा, त्यातून आम्लाची वाफ निघते. आणि कूलरच्या खोलीत संग्रह नको. दुपारी कूलरने दमट हवा, रात्री बंद केला की पुन्हा कोरडी. कागदाला याहून वाईट वेळापत्रक नाही.

वाचायची प्रत वेगळी

अंक वारंवार हाताळायचा नसेल तर एकदाच नीट स्कॅन करा. पानांना ३०० डीपीआय, मुखपृष्ठाला ६००. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ३०० डीपीआयला न दाबता ठेवलं तर सुमारे २६ एमबी होतं, म्हणजे ३२ पानी अंकाला ८०० एमबीच्या वर. तेवढी जागा आधीच बघा. न्यूजप्रिंटमधून मागचं चित्र दिसतं, म्हणून पानामागे काळा कागद ठेवा. अंक पूर्ण सपाट दाबला तर कणा तुटतो. जीर्ण अंकासाठी स्कॅनरपेक्षा मोबाइल बरा: दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत, पानावर हलकी काच, मोबाइल स्टँडवर. या बहुतेक अंकांचे हक्क अजून शाबूत आहेत, तेव्हा पीडीएफ स्वतःपुरत्या ठेवा, ग्रुपवर टाकू नका. नोव्हेंबर १९७१ पासूनच्या ‘किशोर’साठी मात्र ही खटपटच नको, बालभारतीने जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायला ठेवले आहेत.

सप्टेंबरात गळती लागली तर

ओला अंक उन्हात टाकायचा नाही. पानं एकमेकांना चिकटून लाट येते आणि रंग उडतो. अंक मिटलेलाच टर्किश टॉवेलात गुंडाळून तळव्याने हलके दाबा, घासू नका. मग दर चार-पाच पानांमागे पांढरा कोरा कागद घाला आणि सावलीत, लांबच्या पंख्याच्या वाऱ्यात आडवा ठेवा. कागद दर दोन तासांनी बदला. छापील वर्तमानपत्र घातलंत तर त्याची शाई उतरते. गुळगुळीत कागदाची मुखपृष्ठं ओली असतानाच सुटी करा, वाळली की ती विटेसारखी एकजीव होतात. ४८ तासांत बुरशी धरू लागते. पंचवीस-तीस अंक एकदम भिजले आणि दोनच हात असतील तर चार समोर घ्या आणि बाकीचे पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या अंकांवर बुरशी वाढत नाही, एकेक काढून सवडीने वाळवता येतात.